जबडे असलेले पतंग

फुलपाखरे आणि पतंग मिळून खवलेपंखी कीटकांचा गण होतो. त्याच्या आजवर नोंदलेल्या जाती सुमारे १,६०,००० आहेत आणि त्यांतल्या अठ्ठ्याण्णव टक्के जाती एकाच मोठ्या शाखेत मोडतात. सारी फुलपाखरे, कापसावरची गुलाबी बोंडअळी, विदर्भातली टसरची अळी, रात्री दिव्यावर झेपावणारे लहानमोठे पतंग, सगळे याच शाखेतले. उरलेल्या दोन टक्क्यांत मात्र वीसेक कुले भरतील एवढी विविधता आहे. यांतली काही कुले एकदोन जातींचीच. काही पतंगांना फुलातला रस शोषण्याची सोंडच नाही; त्याऐवजी त्यांना चावणारे जबडे आहेत. हे जबडेवाले आणि त्यांचे जवळचे नातलग ओळखून, नावे देऊन त्यांची जागा ठरवायला शंभरावर वर्षे लागली, आणि ते काम अजून पुरते संपलेले नाही.

सुरुवात लिनीअस यांच्यापासून करावी लागते. १७५८ साली त्यांनी या गणाचे तीनच भाग केले होते: पॅपिलिओ म्हणजे फुलपाखरे, स्फिंक्स म्हणजे रुईपतंगांसारखे जाडजूड पतंग, आणि फालीना म्हणजे बाकीचे सगळे. फालीनाचे त्यांनी पुढे पोटविभाग पाडले, त्यांत अगदी बारीक पतंग ‘टिनिया’ या सदरात जमा झाले. १७६१ मध्ये त्यांनीच या सदरात एक सोनेरी झाक असलेला चिमुकला पतंग नोंदला. युरोपात वसंत ऋतूत पाणथळ जागी उमलणाऱ्या कॅल्था नावाच्या पिवळ्या फुलांवर तो गर्दी करतो, म्हणून त्याचे नाव कॅल्थेला. १८२५ मध्ये ह्यूब्नर यांनी अशा पतंगांसाठी मायक्रॉप्टेरिक्स ही प्रजाती केली. फुलावर बसलेले हे पतंग काय करत असतील, असे कोणाला विचारले असते तर ‘रस पितात’ असेच उत्तर आले असते. प्रत्यक्षात ते परागकण चावून खात होते. पंखांची लांबी काही मिलिमीटर असलेल्या किड्याच्या तोंडात डोकावण्याइतकी चांगली सूक्ष्मदर्शके आणि तेवढी चिकाटी एकत्र यायला एकोणिसावे शतक सरत आले.

त्या सुमारास पतंगांच्या वर्गीकरणाची कसोटीही बदलत होती. तोवर रंग, आकार आणि ठेवण यांवर भागत असे. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे जॉन हेन्री कॉमस्टॉक यांनी उडताना पुढचा पंख मागच्या पंखाला कसा अडकतो हे पाहून गणाचे दोन भाग केले. बहुतेक पतंगांच्या मागच्या पंखाच्या मुळाशी एक ताठ केस असतो आणि तो पुढच्या पंखाखालच्या आकड्यात अडकतो. थोड्या पतंगांत हा केस नसतो. त्यांच्या पुढच्या पंखाच्या मुळाशी एक छोटी पाळी असते. या थोड्यांच्या पुढच्या आणि मागच्या पंखांतल्या शिरांची रचना जवळजवळ सारखी असते, आणि पतंगांचे सख्खे नातलग असलेल्या कॅडिसमाश्यांतही ती तशीच आढळते. मायक्रॉप्टेरिक्स या दुसऱ्या भागात जाऊन बसला. त्याच्या शेजारी हेपिआलिडी कुलातले मोठे पतंग होते. हिमालयातल्या ‘कीडा जडी’साठी उत्तराखंडात आणि नेपाळात जी अळी खणून काढतात, ती याच कुलातल्या पतंगाची. बुरशीने मारलेली ही अळी किलोला लाखांच्या घरात विकली जाते, तर कॅल्थेलाला कोणी एक पैही दिली नसती. पण शिरांच्या हिशेबात दोघे एका पंक्तीत आले.

१९१७ साली टॉमस अल्जर्नन चॅपमन यांनी ही पंगत मोडली. चॅपमन पेशाने डॉक्टर, इंग्लंडमधल्या हेरफर्डजवळच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक होते आणि निवृत्तीनंतर पूर्ण वेळ पतंगांच्या मागे लागले होते. मेलेल्या नमुन्यांपेक्षा अंड्यापासून पतंगापर्यंतच्या प्रवासात त्यांना जास्त रस होता. लार्ज ब्लू या निळ्या फुलपाखराची अळी मुंग्यांच्या वारुळात जाऊन त्यांचीच पिल्ले खाते, या शोधात त्यांचा मोठा वाटा होता. मायक्रॉप्टेरिक्सची अळी, कोष आणि पतंग या तिन्ही अवस्था तपासून त्यांनी ठरवले की हा पतंगच नव्हे. प्रौढाला काम करणारे जबडे आहेत, अळी नेहमीच्या सुरवंटासारखी नाही, मादीची जननरचना साधी आहे. तेव्हा याला फुलपाखरे-पतंगांच्या गणातून काढून झ्यूग्लॉप्टेरा नावाचा स्वतंत्र गण द्यावा. एका चिमुकल्या पतंगासाठी अख्खा गण मागणे धाडसाचे होते, पण मागणी हास्यास्पद ठरली नाही. ब्रिस्टलचे नावाजलेले कीटकशास्त्रज्ञ हिंटन १९४६ मध्ये आणि पुन्हा १९५८ मध्ये तिच्या बाजूने उभे राहिले. चाळीस वर्षे हा वाद धुगधुगत राहिला.

वाद मिटला तो नव्या पुराव्यामुळे कमी आणि नव्या तर्कामुळे जास्त. जर्मन शास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५०पासून मांडलेली भूमिका अशी: दोन गटांत एखादे जुने लक्षण शिल्लक राहिले, यावरून त्यांचे नाते ठरत नाही, नाते ठरवायचे ते त्यांनी एकत्र मिळवलेल्या नव्या लक्षणांवरून. जबडे ही जुनी पुंजी आहे. झुरळाला आहेत, भुंग्याला आहेत, पतंगांच्या पूर्वजालाही होते. मायक्रॉप्टेरिक्सने ते टाकले नाहीत म्हणून तो परका होत नाही. उलट त्याच्या पंखांवरचे चपटे खवले हे पतंगांनी नव्याने मिळवलेले लक्षण आहे आणि ते त्याच्याकडे आहेत. या हिशेबाने झ्यूग्लॉप्टेरा हा गट पतंगांच्या गणात परतला, पण इतरांपासून फार लवकर वेगळी झालेली शाखा म्हणून. कॅडिसमाश्या आणि पतंग सख्खे असल्याचे पुरावेही याच काळात भक्कम झाले. माणसात आणि बहुतेक कीटकांत वेगवेगळी लिंगगुणसूत्रे नराकडे असतात. या दोन्ही गणांत ती मादीकडे असतात.

जाती ओळखण्याच्या रोजच्या कामात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळीच पद्धत चालू होती. मार्लबरो कॉलेजात शिकवणारे एडवर्ड मेरिक हे बारीक पतंगांचे त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांनी आयुष्यात १४,०००हून अधिक जातींना नावे दिली, आणि ती बहुतेक हातातल्या भिंगाखाली पंखांच्या शिरा पाहूनच. पतंगाचे पोट उकलून जननेंद्रिये तपासण्याच्या पद्धतीला त्यांनी अखेरपर्यंत जवळ केले नाही. भारतातले बारीक पतंग त्यांच्याकडे पार्सलाने जात. त्यांची वर्णने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात १९०५पासून वर्षानुवर्षे क्रमशः छापली गेली. ईशान्य भारतातून आलेल्या अशाच एका पतंगासाठी १९०९ मध्ये त्यांनी निओप्स्यूस्टिस ही प्रजाती केली. पुढे १९२५ मध्ये हेरिंग यांनी तिच्यासाठी वेगळे कुल मानले. मेरिक यांची घाई नंतरच्या पिढीला पुष्कळ निस्तरावी लागली हे खरे; पण शिरांवरची त्यांची नजर इतकी तरबेज होती की काहीतरी विचित्र हाती आल्याचे त्यांना सहसा चुकत नसे.

नंतरच्या पिढीची कामाची रीत संथ होती. पतंगाचे पोट कापून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करायचे, मांसल भाग धुऊन काढायचा, कडक भाग काचपट्टीवर मांडायचा. तोंडाचे अवयव, पायांवरचे काटे, पंखांच्या शिरा, प्रत्येकाची आकृती काढायची. एक नमुना ‘प्ररूप’ म्हणून संग्रहालयात कायमचा ठेवायचा, म्हणजे पुढे वाद झाला तर नाव कोणत्या किड्याचे हे त्याच्यावरून ठरते. कुलाचे नाव प्रजातीच्या नावावरून बनते. त्यामुळे नवे कुल मानायचे म्हटले तरी आधी जाती आणि प्रजाती यांचा पाया घालावा लागतो. एवढे करूनही अर्धेच चित्र हाती येते, कारण अळी बहुधा सापडलेलीच नसते.

१९५२ मध्ये गोष्ट उलट्या टोकाने घडली; अळीचा पत्ता आधी ठाऊक होता. पॅसिफिकमधल्या बेटांवर आणि क्वीन्सलंडमध्ये कौरी, म्हणजे अ‍ॅगाथिस नावाचे उंच सूचिपर्णी वृक्ष आहेत आणि त्यांच्या लाकडाला मोठा भाव आहे. या झाडांच्या बिया आतून पोखरणारी एक बिनपायांची अळी होती. न्यूझीलंडचे कीटकशास्त्रज्ञ लायनेल डम्बल्टन यांनी तिच्यापासून निघालेल्या पतंगांचे वर्णन केले आणि अ‍ॅगाथिफॅगा नावाची प्रजाती मांडली. तिच्यात दोन जाती होत्या, एक क्वीन्सलंडची आणि एक फिजीची. पतंग दिसायला थेट कॅडिसमाशीसारखा. डम्बल्टन यांनी त्याला मायक्रॉप्टेरिक्सच्या कुलातच ठेवले, आणि त्या वेळी तेच शहाणपणाचे होते. या अळ्यांची चिवटता मात्र पुढे चकित करणारी ठरली: साठवलेल्या बियांत बारा वर्षे सुप्तावस्थेत पडून राहून त्यांतून पतंग बाहेर आल्याची नोंद १९९७ मध्ये झाली.

अ‍ॅगाथिफॅगाला स्वतंत्र कुल मिळाले १९६७ मध्ये. ते देणारे नील्स पेडर क्रिस्टेन्सेन कोपनहेगनचे, वय चोवीस. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे आदिम पतंगांचा अभ्यास म्हणजे बव्हंशी क्रिस्टेन्सेन यांचा अभ्यास, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मोहरीएवढ्या डोक्याचे काप घेऊन त्यातला एकेक स्नायू कुठून निघतो आणि कुठे जोडला जातो याची नोंद ते करत. सोंड आहे की नाही एवढ्यावर त्यांचे समाधान नसे. सोंडेला स्वतःचे स्नायू आहेत का, कोषाला जबडे आहेत का, अळीच्या डोक्यावर कोणत्या रेषा आहेत, अशा शेकडो लक्षणांचा तक्ता करून त्यावरून वंशवृक्ष उभा करण्याची शिस्त त्यांनी या क्षेत्राला लावली.

१९७०चे दशक या कामाचा सुगीचा काळ ठरले. ऑस्ट्रेलियाचे इयन कॉमन यांनी १९७३ मध्ये लॉफोकोरोनिडी हे कुल मांडले. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले डॉनल्ड डेव्हिस यांनी १९७८ मध्ये अ‍ॅकँथॉप्टेरॉक्टेटिडी या भारदस्त नावाचे कुल केले. त्याची मूळ प्रजाती मात्र १९२१ पासून नोंदलेली होती. सिनसिनाटी विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला अ‍ॅनेट ब्राउन यांनी माँटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून तो पतंग आणला होता आणि सत्तावन्न वर्षे त्याच्या खऱ्या वेगळेपणाचा हिशेब लागलेला नव्हता. त्याच १९७८ सालात क्रिस्टेन्सेन यांनी ब्राझीलमधल्या एका पतंगासाठी निओथिओरिडी हे कुल केले. हाताशी एकच मादी होती. एका नमुन्यावर कुल उभे करणे आततायीपणाचे वाटते, पण त्या मादीची रचना ज्ञात कुलांपैकी कशातच बसत नव्हती. तिला जबरदस्तीने कुठेतरी कोंबणे अधिक चुकीचे झाले असते.

या दशकातला सर्वांत बोलका प्रसंग दक्षिण अर्जेंटिनातला. तिथल्या थंड डोंगरउतारांवर नॉथोफॅगस, म्हणजे दक्षिणी बीच वृक्षांची जंगले आहेत. वसंतात या झाडांना मोहर येतो तेव्हा दिवसा उडणारे चिमुकले पतंग त्यावर येऊन पराग खातात. त्यांना जबडे आहेत, सोंड नाही. क्रिस्टेन्सेन आणि त्यांचे तरुण सहकारी एबे श्मिट नील्सन यांनी १९७९ मध्ये या पतंगांची सविस्तर चिकित्सा केली, हेटेरोबाथमिया हे नाव दिले आणि मायक्रॉप्टेरिक्सच्या कुलातच एक नवे उपकुल मानले. जबडे, पराग, लहान आकार, सारे जुळत होते. ऐंशीच्या आसपास पानांचा तो प्रबंध इतका काटेकोर होता की तिथे विषय संपायला हरकत नव्हती.

पण अळी सापडली. ती नॉथोफॅगसच्या पानात राहत होती, आपल्याकडचे शेतकरी ज्यांना नागअळी म्हणतात त्या अळ्यांसारखी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बोगदे करून. मायक्रॉप्टेरिक्सच्या नातलगांच्या अळ्या ओलसर पालापाचोळ्यात नाहीतर शेवाळवर्गी वनस्पतींवर उघड्या फिरतात. त्यांच्याशी हिचे काहीच जमेना. उलट डोक्याच्या बांधणीत ती सोंडवाल्या पतंगांच्या अळ्यांशी मिळत होती. १९८३ मध्ये त्याच दोघांनी दुसरा लेख छापला. चार वर्षांपूर्वीचा आपला निष्कर्ष अळीच्या पुराव्याने खोटा ठरतो, हे त्यांनी लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकले. हेटेरोबाथमियाला स्वतःचे कुलच नव्हे तर स्वतःचा उपगण मिळाला, आणि तो जबडेवाल्यांपेक्षा सोंडवाल्यांच्या जास्त जवळ बसला. प्रौढाच्या तोंडावरून केलेली मांडणी किती फसवी असू शकते याचे याहून चांगले उदाहरण पतंगांच्या इतिहासात शोधावे लागेल. गणाचे चार उपगण आता असे झाले: झ्यूग्लॉप्टेरा, अ‍ॅगाथिफॅगाचा अ‍ॅग्लॉसाटा, हेटेरोबाथमायना, आणि उरलेल्या सगळ्यांचा ग्लॉसाटा, म्हणजे सोंडवाल्यांचा.

नील्सन पुढे कॅनबेराला गेले, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कीटकसंग्रहाचे प्रमुख झाले आणि जगभरच्या संग्रहालयांतल्या नोंदी संगणकावर सर्वांना खुल्या करण्याच्या योजनेत आघाडीवर राहिले. २००१ मध्ये, पन्नाशीतच, ते वारले. न्यूझीलंडच्या बाजूने जॉर्ज गिब्स हे काम पुढे नेत होते. २०१० मध्ये त्यांनी नैऋत्य पॅसिफिकमधल्या मायक्रॉप्टेरिजिडी, म्हणजे मायक्रॉप्टेरिक्सच्याच, कुलात पाच नव्या प्रजाती मांडल्या. पतंगांचे वेड त्यांच्या घरातच होते. आजोबा जॉर्ज व्हर्नन हडसन पोस्टात नोकरी करत, आणि संध्याकाळी किडे गोळा करायला उजेड पुरावा म्हणून १८९५ मध्ये त्यांनी उन्हाळ्यात घड्याळे दोन तास पुढे करण्याची सूचना केली होती.

हेटेरोबाथमियानंतर आदिम पतंगांचे एकही जिवंत नवे कुल तीन दशके हाती लागले नाही. सगळी सापडली, असे मानायला जागा होती. २००९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावर रिचर्ड ग्लाट्झ यांना कॅलिट्रिस या सूचिपर्णी झाडांवर एक अनोळखी पतंग दिसला. लहानसा, सोनेरी आणि जांभळ्या रंगात चमकणारा. त्याचे प्रौढ आयुष्य एका दिवसाचे: कोषातून बाहेर यायचे, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचे. एवढ्या आयुष्यात खायला सवड नसते, आणि तोंडाचे अवयवही नावापुरतेच उरलेले असतात. नमुने कॅनबेराच्या संग्रहाकडे आणि तिथून कोपनहेगनला क्रिस्टेन्सेन यांच्याकडे गेले. डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा ठिकाणचे डझनभर लोक कामाला लागले. कोणी अळ्या जमवल्या, कोणी डोक्याची आंतररचना पाहिली, कोणी डीएनए वाचला.

या वेळी पुरावा दोन दिशांनी आला आणि तो सोपा नव्हता. सोंड जवळजवळ नाहीशी झालेल्या पतंगाला केवळ शरीररचनेवरून बसवायचे तर दोन शक्यता उरतात: त्याच्या पूर्वजांना सोंड कधी नव्हतीच, किंवा होती आणि गेली. अनेक जनुकांच्या तुलनेतून त्याची जागा सोंडवाल्यांतच निघाली. मेरिक यांचा निओप्स्यूस्टिस आणि ब्राउन यांचा माँटानातला पतंग ज्या कुलांत आहेत, ती त्याची शेजारी निघाली. म्हणजे इथे सोंड गेली होती. सोंडेच्या स्नायूंचा जो सरळ जिना क्रिस्टेन्सेन यांनी स्वतः उभा केला होता, त्याच्याही काही पायऱ्या या निष्कर्षाने डळमळल्या. सोंडेची उत्क्रांती आदिम पतंगांतही एका रेषेत झालेली नाही, हे त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झालेल्या लेखाने मान्य केले. पतंगाचे नाव ठरले ईनिग्मॅटिनिया ग्लाट्झेला आणि कुलाचे ईनिग्मॅटिनिडी. लेख २०१५ मध्ये ‘सिस्टिमॅटिक एंटोमॉलॉजी’ या नियतकालिकात आला. पहिले लेखक क्रिस्टेन्सेन त्याआधी काही आठवडे, डिसेंबर २०१४ मध्ये, वारले होते.

सोंड कशासाठी आली, हा प्रश्न तीन वर्षांनी जमिनीखालून वर आला. उत्तर जर्मनीतल्या शांडेला इथल्या खोल विवरातून काढलेल्या सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात पतंगांचे सुटे खवले सापडले. मूळ काम परागांचे होते. खवले मधेच आले. तिमो व्हान एल्डाइक या तरुण संशोधकाने ते एकेक करून उचलले, आणि त्यासाठी सुईच्या टोकाला माणसाच्या नाकातला केस बसवला होता. त्या खवल्यांतले काही पोकळ निघाले. पोकळ खवले हे सोंडवाल्या शाखेचे लक्षण आहे. फुलझाडांचे जीवाश्म मात्र सुमारे १३ कोटी वर्षांच्या अलीकडचेच मिळतात. तेव्हा फुले येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधी सोंड अस्तित्वात होती, असे २०१८च्या त्या लेखाने मांडले. कोरड्या हवामानात पाण्याचे थेंब आणि सूचिपर्णी झाडांच्या बीजांडांवर पाझरणारे गोडसर थेंब शोषायला ती कामी येत असावी, असा त्यांचा अंदाज आहे.

तिन्ही जबडेवाल्यांपैकी मूळ खोडापासून पहिली फांदी कोणाची फुटली, मायक्रॉप्टेरिक्सची की अ‍ॅगाथिफॅगाची, की दोघे एकाच फांदीवरचे, याचे उत्तर जनुकांच्या अभ्यासागणिक बदलत आले आहे. अ‍ॅगाथिफॅगात अजून डम्बल्टन यांच्या दोनच जाती आहेत. ईनिग्मॅटिनिडी कुलाची मांडणी झाली तेव्हा त्यात एकच प्रजाती होती आणि तिच्यात एकच जाती.